फोर-एच : गोठ्यातील शिक्षण

अमेरिकेच्या ग्रामीण भागात मुलांनी जनावर वाढवून काउंटीच्या जत्रेतील प्रदर्शनात उतरवण्याची परंपरा जुनी आहे. ए. बी. ग्रॅहम यांनी १९०२ मध्ये ओहायो राज्यात मुलांसाठी काढलेले कृषी मंडळ हे ‘फोर-एच’ चळवळीचे मूळ मानले जाते. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने देशभर कृषी विस्तारसेवा उभी राहिली आणि चळवळीला विद्यापीठांचा आधार मिळाला. चार पानांचे क्लोव्हर हे तिचे बोधचिन्ह बुद्धी, हृदय, हात व आरोग्य यांचे प्रतीक आहे.

मूल डुक्कर, मेंढी, बोकड किंवा खच्ची केलेला गोऱ्हा निवडते. डुक्कर साधारण चार महिने, तर गोऱ्हा सुमारे वर्षभर सांभाळावा लागतो. गोठा, वाहन आणि सुरुवातीचे भांडवल बहुधा आईवडील पुरवतात. दाणापाणी, स्वच्छता व जमाखर्चाची नोंदवही मात्र मुलाकडे असते. परीक्षक जनावराची ठेवण पाहतात, तसेच ‘शोमनशिप’ स्पर्धेत मुलाचे कौशल्यही जोखतात.

अखेर लिलाव होतो. मुलांना उत्तेजन म्हणून स्थानिक व्यापारी अनेकदा बाजारभावापेक्षा चढी बोली लावतात. ही रक्कम पुष्कळदा उच्च शिक्षणासाठी राखली जाते. जनावर मात्र कत्तलीसाठी जाते आणि लळा लागलेल्या मुलाला हा निरोप जड जातो. कॅलिफोर्नियातील शास्ता काउंटीत २०२२ मध्ये एका मुलीच्या कुटुंबाने बोकड परत मागितला; तरी तो जप्त होऊन कापला गेला. त्यावरील खटल्यात २०२४ मध्ये तीन लाख डॉलरची तडजोड झाली.