शिवथरच्या घळीतले अक्षर आणि फोनमधला ‘ल’

फोनमध्ये नवा फॉन्ट बसवण्याची हौस आपल्यापैकी अनेकांना आहे. गेल्या महिन्यात मीही एका ॲपमधून असाच एक वळणदार फॉन्ट उतरवून घेतला. इंग्रजी अक्षरे तत्काळ पालटली. मराठी मात्र जशीच्या तशी राहिली. कारण पुढे सांगतो. आधी शिवथरला जाऊ.

महाड तालुक्यातील या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. दरबारी व्यवहार मोडीत चालत असलेल्या काळात तो बाळबोध अक्षर घोटून सुंदर करण्यास सांगतो. काना, मात्रा, वेलांटी स्पष्ट हवी. पहिल्या अक्षरापासून अखेरपर्यंत वळण एकच हवे, जणू सारा ग्रंथ एकाच टाकाने उतरला. भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षराला धक्का लागत नाही. (या मोकळ्या जागेलाही आपण ‘समास’च म्हणतो!) आणि तरुणपणाच्या उत्साहात फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही.

एका वळणाचा हा आग्रह हाताने पाळणे कष्टाचे होते. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पण शिळाछाप म्हणजे हस्ताक्षराचीच प्रतिकृती. वळण खऱ्या अर्थाने स्थिरावले ते धातूच्या खिळ्यांत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा (१८६९) टाइप त्याच्या रेखीवपणासाठी नावाजला गेला. मराठी वाचकाच्या डोळ्यांत बसलेले अक्षर मुख्यतः या मुंबई वळणाचे.

आता फोनकडे येऊ. फॉन्ट म्हणजे प्रत्येक अक्षराच्या सांकेतिक क्रमांकापुढे ठेवलेले एक चित्र. माझ्या फॉन्टात केवळ रोमन चित्रे होती. देवनागरीचा क्रमांक येताच फोन निमूटपणे स्वतःच्या मूळ फॉन्टाकडे वळत होता. देवनागरी फॉन्ट घडवायचा तर जोडाक्षरांसह शेकडो आकृत्या आणि त्या जुळवण्याचे नियम लागतात; हौशी फॉन्टकार तिथेच थांबतात.

खरी मेख ‘ल’ आणि ‘श’ यांत आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही प्रमाण रूपे ठरवली. युनिकोडमध्ये मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच; कोणते रूप दिसावे हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, पण मराठी रूप तेव्हाच पुढे येते, जेव्हा मजकुराची भाषा मराठी असल्याचे यंत्राला कळते. फोनची भाषा इंग्रजी ठेवली, तर आपण मराठी वाचतो ते बहुधा परक्या वळणात. शाळेच्या पाटीवर पाकळीचा ‘ल’ गिरवणारे मूल पडद्यावर रोज दुसराच ‘ल’ पाहते. याची तक्रार आपण कुणी फारशी करत नाही, हे मला अधिक खटकते.

तेव्हा नवा फॉन्ट निवडताना त्यात देवनागरी आहे का, हे आधी पाहा. मग ‘शिवथरची घळ’ एवढेच लिहून ‘श’ आणि ‘ळ’ न्याहाळा. पाठोपाठ ‘लेखन’ लिहा. ‘ल’ला पाकळ्या नसतील, तर सेटिंगमध्ये भाषा मराठी करून पुन्हा पाहा. मी तो हौसेचा फॉन्ट काढून टाकला आहे. आजीच्या फोनातले अक्षर मात्र दोन पायऱ्यांनी मोठे केले.