कॉम्प्युटरच्या आवाजात खरखर येतेय? नवीन स्पीकर घेण्याआधी हे करून बघा

माझ्या घरच्या डेस्कटॉपवर गाणं लावलं की मधूनच 'कट्ट... कट्ट' व्हायचं. दुकानात दाखवला तर उत्तर मिळालं, "मदरबोर्डचा साउंड गेलाय, बोर्डच बदलावा लागेल." म्हणजे काही हजारांना फोडणी. म्हटलं, आधी स्वतः बघू. एका संध्याकाळी कारण सापडलं: वाय-फायचा ड्रायव्हर! एक रुपयाही लागला नाही.

सगळ्यात आधी तोच स्पीकर किंवा हेडफोन मोबाइलला लावा (जॅक नसेल तर टीव्हीला). तिथेही खरखर आली तर वायर किंवा स्पीकरच खराब आहे, पुढे वाचायची गरज नाही. तिथे स्वच्छ वाजला, तर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकऐवजी मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून फिरून येते आणि वाटेत इलेक्ट्रिकल नॉइज पकडते.

आवाज तुटक नसून सलग 'घूंऽऽ' असा असेल तर प्रकरण विजेचं आहे. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर तो थांबला, तर स्पीकर आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. घूं जाईलही, पण शॉक बसू शकतो. ते अजिबात करू नका.

आता तुटक खरखर. ही बहुतेकदा सॉफ्टवेअरची असते, आणि ती का येते हे कळलं की अर्धं काम झालं. ४८,००० हर्ट्झवर साउंड कार्डला सेकंदाला ४८,००० सॅम्पल्स लागतात. विंडोज ते साधारण १० मिलिसेकंदांच्या हप्त्यांनी, म्हणजे एका वेळी ४८० सॅम्पल्स, बफरमध्ये भरत राहतं. एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर जास्त वेळ अडवून ठेवला की पुढचा हप्ता उशिरा पोचतो, बफर रिकामा होतो आणि कट्ट! म्हणून प्रोसेसरचा वापर जेमतेम १० टक्के दिसत असतानाही खरखर येऊ शकते. दोष साउंडच्या ड्रायव्हरचाच असेल असं नाही.

गुन्हेगार शोधायला 'लेटन्सीमॉन' हे सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी मोफत आहे. ते सुरू करून दहा-पंधरा मिनिटं गाणी चालू ठेवा, मग ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ घेणारा कोण ते बघा. माझ्याकडे वर 'एनडीआयएस' होतं, म्हणजे नेटवर्क. वाय-फाय बंद केलं, खरखर गायब. चालू केलं, पुन्हा हजर. मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर टाकला आणि विषय संपला.

लेटन्सीमॉनमध्ये काहीच लाल दिसलं नाही, तर साउंड सेटिंग्जमध्ये आपल्या स्पीकरवर क्लिक करून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. तिथेच फॉरमॅटही बदलून बघता येतो. पण एका वेळी एकच बदल करा, नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते कळणार नाही.

ब्लूटूथ हेडफोनची गोष्ट वेगळी. यूएसबी ३.० पोर्टला लावलेली हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करते, आणि ब्लूटूथही तिथेच चालतं. ब्लूटूथचा डोंगल छोट्या यूएसबी एक्स्टेंशन वायरने हार्डडिस्कपासून लांब न्या, बरेचदा तेवढ्यानेच भागतं.