दोन, चार, शून्य

साहिब, सिंध, सुलतान. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीच्या इंजिनांची ही नावं मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेते. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तीन कशाला? एकच मोठं का नाही जोडलं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना आंबिवलीच्या पुलावर नाना आठवले.

नाना भुसावळच्या शेडमध्ये फायरमन होते. इंजिनाची ओळख ते चाकांच्या आकड्यांनी द्यायचे. दोन-चार-शून्य म्हणजे पुढे दोन छोटी चाकं, मग दांड्यानं एकमेकांना जोडलेली चार मोठी, मागे काही नाही. साहिब-सुलतान याच जातीचे, इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून आलेले. ओढणारी चाकं जेमतेम चार, आणि मागे चौदा डबे, चारशे पाहुणे. मुलीचं उत्तर इथंच होतं.

ठाण्यापर्यंत सपाटी असल्यानं एवढ्यानं भागलं. १८५५मध्ये रूळ कल्याणहून आंबिवलीवरून वासिंदला गेले, तेव्हाही फार चढ नव्हता. खरी परीक्षा घाटांत. बोरघाट १८६३ला, थळघाट १८६५ला खुला झाला; चढ ३७ फुटांना एक फूट. तिथं चाक रुळावर नुसतंच गरगरतं. म्हणून बोरघाटासाठी चार-सहा-शून्य इंजिनं आणली, पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी घातलेली. पाण्याचं वजन चाकांवर, म्हणजे पकड चांगली. (पाणी संपत आलं की पकडही कमी, हे ओघानं आलंच.)

नानांच्या हातून गेली ती मात्र डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी पॅसेंजर, जी गुड्स. दट्ट्या एकदा पुढे-मागे झाला की चाक एक फेरा मारतं. त्यामुळे मोठं चाक लांब पळतं, लहान चाक जोर लावतं. डब्ल्यूपी चार-सहा-दोन, चाक साडेपाच फुटांहून मोठं, नाक बंदुकीच्या गोळीसारखं. डब्ल्यूजी दोन-आठ-दोन, चाकं लहान पण जोडलेली आठ. निवृत्तीनंतर खाटेवर बसून नाना दोघींचे आवाज तोंडानं काढायचे. आम्ही पोरं ओळखायचो, चुकलो की म्हणायचे, "बेटा, नाक मत देखो, पहिये गिनो." स्वतःचा उजवा कान मात्र भट्टीपाशीच कामातून गेला होता, आम्हाला ओरडून बोलावं लागे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कल्याण–इगतपुरी मार्गावर १९३०मध्येच वीज आली. इगतपुरीला वाफेचं इंजिन सुटायचं आणि पुढे विजेचं लागायचं. त्यातल्या एका जातीला लोक 'खेकडा' म्हणत. म्हणजे नानांनी आंबिवली फायरमन म्हणून कधी पाहिलीच नाही. आमच्याकडे ते आले ते पासावर, खिडकीशी बसून. इगतपुरीला आपलं इंजिन बाजूला जाताना त्यांना काय वाटत असेल, हे विचारायचं राहिलं. मी बीएड करत होते, परीक्षेच्या गडबडीत होते, आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर गोल काढले: दोन, चार, शून्य. त्या मुलीनं वहीत उतरवून घेतले आणि लगेच विचारलं, "मग लोकलला पुढे किती चाकं असतात, मॅडम?" संध्याकाळी फलाटावर वाकून मोजते आहे.