मादी पिल्लाची नसबंदी : शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

मादी पिल्लाच्या नसबंदीत पूर्ण भूल देऊन पोट उघडले जाते आणि अंडाशय व बहुतेक वेळा गर्भाशयही काढले जाते. त्यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधून मगच कापतात. त्यामुळे डॉक्टरांना आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : पिल्लाला भूल झेपेल का, आणि त्याचे रक्त नीट गोठते का.

"आमचे पिल्लू दिवसभर घरभर उड्या मारते, त्याचे रक्त कशाला काढायचे?" असे अनेक पालक विचारतात. आपल्याकडे याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे गोचीड.

गोचीडताप आणि प्लेटलेट

कुत्र्यांच्या अंगावरची तपकिरी गोचीड चावल्याने एहर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात शिरतो. सुरुवातीला ताप येतो, खाणे कमी होते. काही आठवड्यांत ही लक्षणे औषधाशिवायही ओसरू शकतात आणि पिल्लू पुन्हा खेळू लागते. आजार मात्र गेलेला नसतो. पुढे कित्येक महिने पिल्लू वरून धडधाकट दिसते आणि रक्तातील प्लेटलेट कमी असतात. अशा पिल्लावर शस्त्रक्रिया केली तर मोठ्या रक्तवाहिन्या नीट बांधल्या तरी बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत राहू शकते.

म्हणून सीबीसी ही तपासणी मी टाळू देत नाही. कुत्र्यात प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात. आकडा कमी आला तर लगेच घाबरू नका. नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की यंत्र त्या मोजत नाही आणि आकडा खोटाच कमी दाखवते. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्याच काचेवर बेबेसिया हा लाल पेशी फोडणारा परजीवीही कधी कधी दिसतो.

प्लेटलेट खरोखरच कमी असतील तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. एहर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस देतात आणि नंतर रक्त पुन्हा तपासतात. निरोगी पिल्लाची नसबंदी तातडीची नसते. सुट्टी काढली आहे, तारीख ठरली आहे, म्हणून धोका पत्करू नका.

हिमोग्लोबिन कमी असेल तर शौचाची तपासणीही करावी. आतड्यातील अंकुशकृमी पिल्लाचे बरेच रक्त शोषतात.

भूल देण्यापूर्वी

डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा मध्ये बोलू नका. ही सर्वांत स्वस्त आणि फार महत्त्वाची तपासणी आहे. हृदयात मर्मर ऐकू आली तर आधी इकोकार्डिओग्राफी करावी लागू शकते. रक्तात क्रिएटिनीन, एएलटी, प्रथिने आणि साखर पाहतात. अल्कलाइन फॉस्फटेज थोडे वाढलेले दिसले तर वाढत्या हाडांमुळे पिल्लांत ते बहुधा स्वाभाविकच असते.

पिल्लू वयाच्या मानाने फारच लहान राहिले असेल, जेवणानंतर सुस्तावत किंवा गोल गोल फिरत असेल, तर ते आवर्जून सांगा. काही पिल्लांत जन्मतःच रक्त यकृताला वळसा घालून जाते. अशांना भुलीतून बाहेर यायला खूप वेळ लागू शकतो. त्यासाठी बाइल ॲसिडची वेगळी तपासणी असते. डॉबरमनमध्ये रक्त गोठण्याचा एक आनुवंशिक दोष, व्हॉन विलेब्रांड, बराच आढळतो. त्यात प्लेटलेटचा आकडा सहसा ठीक असूनही रक्तस्राव होतो. म्हणून डॉबरमन पाळणाऱ्यांनी याबद्दल आधीच विचारावे.

हे डॉक्टरांना सांगा

अंगावर गोचीड कधी दिसली, दात पडताना हिरडीतून रक्त बराच वेळ आले का, पोटावर जांभळे ठिपके दिसले का, घरात उंदराचे विष ठेवले होते का, माणसांची वेदनाशामक गोळी दिली होती का. काही उंदीरनाशकांमुळे रक्त गोठणे थांबते आणि साध्या सीबीसीत ते कळत नाही. लसीकरण आणि जंतांच्या औषधाचे कार्डही सोबत न्या.

पिल्लू माजावर असेल तर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. तातडी नसल्यास माज संपल्यावर साधारण दोन ते तीन महिने थांबतात.

उपाशी किती वेळ ठेवायचे हे डॉक्टरांकडून तासांत लिहून घ्या. मोठ्या कुत्र्याचा नियम लहान पिल्लाला लावून रात्रभर उपाशी ठेवले तर त्याची साखर घसरू शकते. शस्त्रक्रियेच्या सकाळी उलटी, जुलाब, खोकला किंवा सुस्ती दिसली तर निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करा. आणि रक्त तपासल्यानंतर अंगावर नवी गोचीड सापडली, तर जुना रिपोर्ट पुरेसा मानू नका. सीबीसी पुन्हा करून घ्या.