शेडमधला उस्ताद आणि मेंटॉरची फाइल

पूर्णा जंक्शनवरून नांदेडकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत इंजिनिअरिंगची मुलं हमखास भेटतात. त्यांच्या घरचं मत ठरलेलं असतं: पोरगं हुशार असेल तर नोकरी लागतेच, नसेल तर वशिला लागतो, कॉलेजातलं ‘मेंटॉर-मेंटी’ प्रकरण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीपुरतं. हे मत मला साफ चुकीचं वाटतं. पण आधी पूर्वपक्षाचं खरं ते मान्य करू.

फाइलीची तक्रार खोटी नाही. एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी, हे नॅक विचारतं. सत्राअखेर एका बैठकीत सगळ्या सह्या उरकल्या की कागदावर प्रमाण जुळतं. 2008 साली संशोधक लिलियन ईबी आणि सहकाऱ्यांनी मार्गदर्शनावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मार्गदर्शनाचा परिणाम अनुकूल निघाला, पण लहान. मात्र सरासरीत सहीपुरता मार्गदर्शक आणि जीव लावणारा मार्गदर्शक एकाच मापात मोजले जातात, हे विसरून चालणार नाही.

आता हुशारीचं. आयआयटी मुंबईत देशातली निवडक मुलं येतात, तरी तिथे नव्या विद्यार्थ्यांच्या लहान गटाला वरच्या वर्गातला एक विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमून देतात. त्यांना जे लागतं ते पूर्णेच्या मुलाला लागत नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

वशिल्याचा मुद्दा जास्त खोल आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973च्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की तो ओळखीचा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही असतंच. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. पुण्यातल्या इंजिनिअरच्या घरी ती जेवणाच्या ताटावर कानावर पडते. पदवीनंतर वर्षभराची शिकाऊ उमेदवारी करता येते, 1973च्या दुरुस्तीपासून ती कायद्यातच आहे. बाँडवर सही करण्याआधी काय वाचायचं. ‘गेट’ परीक्षा दिली की कोणती दारं उघडतात. शेतकऱ्याच्या किंवा गँगमनच्या घरी हे कोण सांगणार? आईबापांची माया कमी पडत नाही, त्यांना तो रस्ताच माहीत नसतो.

आणि मार्गदर्शक नको, असं पूर्णेने तरी म्हणू नये. मीटरगेजच्या दिवसांत हे इंजिनांच्या शेडचं गाव. वाफेच्या इंजिनावर माणूस क्लीनर म्हणून लागायचा, फायरमन व्हायचा, मग शंटर आणि पुढे ड्रायव्हर. कोळसा कुठे पसरायचा, चढ येण्याआधी वाफ किती धरायची, हे नियमांच्या पुस्तकातून अंगात उतरत नव्हतं. शेजारी उभा असलेला उस्ताद दाखवायचा. त्याला कुणी वशिला म्हटलं नाही.

नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981चं. म्हणजे सुमारे चार दशकांच्या तुकड्यांमधले माजी विद्यार्थी आज कुठे ना कुठे काम करताहेत. माझ्या मते खरा मेंटॉर त्यांच्यातच शोधावा, त्यातही दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला. त्याला मुलाखतीतली धडधड अजून आठवत असते. प्राध्यापकांनी गाठ घालून द्यावी आणि ती टिकतेय का, यावर लक्ष ठेवावं.

अशी एक गाठ मी जवळून पाहिली. तिसऱ्या वर्षाच्या, इलेक्ट्रिकलच्या मुलीने बायोडेटा आणला होता. वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद वाचन, शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’. लग्नाच्या बायोडेटाहून फारसा वेगळा नाही. तळाशी एका ओळीत ‘मिनी प्रोजेक्ट’. तिच्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या ताईने विचारलं, “हे काय केलंस?”

“एक फेज गेली की शेतातली मोटार जळू नये म्हणून सर्किट.”

“चालवून पाहिलंस?”

“दोन मोटारींवर. एक आमच्याच विहिरीवर. उन्हाळाभर चालू होतं.”

ताईने छंदावर काट मारली आणि कागद तिच्याकडे सरकवला. “मग विहिरीपासून सुरू कर. पहिल्या ओळीत.”