लिलावपूर्व मूल्यमापन : वऱ्हाडातील दोन फलंदाजांच्या आधारे

लिलावपूर्व मूल्यमापन म्हणजे खेळाडूच्या नोंदलेल्या खेळावरून, विशिष्ट भूमिकेत तो पुढे काय करू शकेल, याविषयी बांधलेले अनुमान. या व्याख्येतील तीन पदे परस्परांपासून वेगळी ठेवणे आवश्यक आहे. (१) कामगिरी : जे घडले व नोंदले गेले ते. (२) क्षमता : कामगिरीमागील, थेट न दिसणारी शक्ती. (३) भूमिका : संघाने नेमून दिलेले काम. कामगिरीवरून क्षमतेचे अनुमान करताना भूमिका वगळली, की अनुमान सदोष होते.

असे सदोष अनुमान क्रिकेटपुरते मर्यादित नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन क्वार्टरबॅकची (चढाईचे सूत्रसंचालन करणाऱ्या खेळाडूची) व्यावसायिक संघांसाठी निवड वर्षानुवर्षांच्या निरीक्षणानंतर होते. तरीही १९९८ मध्ये पेटन मॅनिंगपाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या रायन लीफची कारकीर्द अल्पावधीत संपली आणि २००० मध्ये, पुढे अत्यंत यशस्वी ठरलेला टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला.

आता अमरावतीच्या जितेश शर्माचे उदाहरण घेऊ. वीस षटकांच्या सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या २०१५-१६ च्या हंगामात वरच्या क्रमांकावर खेळत त्याने ३४३ धावा केल्या. स्ट्राइक रेट १४३.५१. पुढे तो मधल्या फळीत उतरू लागला. २०२१-२२ मध्ये त्याच्या धावा २१४ च झाल्या, परंतु स्ट्राइक रेट २३५.१६ होता. म्हणजे पहिल्या हंगामात सुमारे २३९ चेंडू, दुसऱ्यात ९१. केवळ बेरीज पाहणारा परीक्षक पहिला हंगाम श्रेष्ठ ठरवील. अखेरच्या षटकांसाठी फलंदाज शोधणाऱ्याला मात्र दुसराच हंगाम पुरावा म्हणून उपयोगी आहे, कारण त्यात भूमिका बदललेली असून तिची कसोटीही लागलेली आहे. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सच्या चमूत असताना एकही सामना न मिळालेला हा यष्टिरक्षक २०२२ च्या लिलावात पंजाब किंग्जने २० लाखांना घेतला. त्या हंगामात त्याने १२ सामन्यांत १६३.६३ च्या स्ट्राइक रेटने २३४ धावा केल्या.

पुराव्याचे दोन प्रकार येथे वेगळे करावे लागतात : सजातीय आणि विजातीय. ज्या स्वरूपासाठी निवड करायची त्याच स्वरूपातील खेळ हा सजातीय पुरावा, तर वेगळ्या स्वरूपातील खेळ हा विजातीय पुरावा होय. अकोल्याच्या अथर्व तायडेने २०१७-१८ च्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा केल्या आणि विदर्भाला ते विजेतेपद मिळाले. एकोणीस वर्षांखालील, अनेक दिवसांच्या सामन्यातील ही खेळी तंत्र, एकाग्रता व शारीरिक सहनशक्ती सिद्ध करते. वीस षटकांतील गतीविषयी ती काहीही सांगत नाही. अशा पुराव्याला निरर्थक मानणे चूक आणि पुरेसा मानणेही चूक. त्यालाही २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांनाच घेतले. एप्रिल २०२३ मध्ये लखनौविरुद्ध ३६ चेंडूंत ६६ धावा करून त्याने गतीचा पुरावा स्वतंत्रपणे दिला.

यानंतरचा भेद निर्णय आणि फल यांतील. १७ मे २०२३ रोजी धर्मशाला येथे दिल्लीविरुद्ध पंजाबपुढे २१४ धावांचे लक्ष्य होते. पंधरा षटके संपली तेव्हा तायडे ४२ चेंडूंत ५५ धावांवर होता आणि ३० चेंडूंत ८६ धावा हव्या होत्या. संघाने त्याला स्वेच्छेने बाद घोषित करून परत बोलावले व जितेश शर्माला पाठवले. अकोल्याचा सलामीवीर जाऊन अमरावतीचा फिनिशर आला, हा योगायोग वऱ्हाडाने लक्षात ठेवावा असाच आहे. शर्मा शून्यावर बाद झाला, पंजाब १५ धावांनी हरला. यावरून निर्णय चुकला असे सिद्ध होत नाही. अर्धशतक हे फल होते. त्या क्षणी आवश्यक असलेली गती ही भूमिका होती आणि निर्णय भूमिकेवरून घेतला गेला. एका सामन्याचे फल मूल्यमापनाचे प्रमाण मानले, तर प्रत्येक निवड पश्चात्तापाने मोजावी लागेल.

शेवटी मूल्य आणि किंमत. २०२४ च्या हंगामात शर्माने १३१.६९ च्या स्ट्राइक रेटने १८७ धावा केल्या. ती उतरणच होती. तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील लिलावात बंगळूरुने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले, तर तायडे ३० लाखांना हैदराबादकडे गेला. हे अंतर क्षमतेचे माप मानता येणार नाही. अखेरच्या षटकांत फटकेबाजी करणारा भारतीय यष्टिरक्षक दुर्मीळ आहे, तायडेसारखे डावखुरे सलामीवीर तितके दुर्मीळ नाहीत. शिवाय किंमत वाढण्यासाठी एकाच खेळाडूची गरज असलेले किमान दोन संघ लागतात. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध २२८ धावांच्या पाठलागात ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून शर्माने भूमिकेचा पुरावा पुन्हा दिला.

वऱ्हाडातील पुढच्या मुलांच्या बाबतीत हे विवेचन धावपुस्तिकेपासून लागू करता येते. फलंदाज कितव्या षटकात आला, किती चेंडू खेळला आणि त्या वेळी प्रतिषटक किती धावा हव्या होत्या, या तीन नोंदी प्रत्येक तालुका व जिल्हा सामन्यात ठेवल्या, तर नागपूरच्या निवड चाचणीत उभ्या राहणाऱ्या मुलाबरोबर त्याची भूमिकाही परीक्षकांसमोर येईल.