बायल्मरमेर : एका वसाहतीचे स्थित्यंतर

ॲमस्टरडॅम शहराच्या आग्नेयेस असलेली बायल्मरमेर ही वसाहत ज्यांच्यासाठी उभारली गेली, ते तेथे फारसे राहिलेच नाहीत. आणि ज्यांचा विचार आराखड्यात कुठेही नव्हता, त्यांनीच तिला आपले घर मानले. अवघ्या दोन दशकांत घडलेले हे स्थित्यंतर आजही नगररचनेच्या अभ्यासकांचा विषय ठरले आहे.

वसाहतीचे बांधकाम १९६६ मध्ये सुरू झाले. मुख्य रचनाकार सीखफ्रीड नासूत यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी मांडणी असलेल्या उंच इमारती, त्यांमध्ये विस्तीर्ण हिरवळ आणि पादचाऱ्यांपासून वेगळे, उंचावरून जाणारे रस्ते योजले होते. २५ नोव्हेंबर १९६८ रोजी पहिले रहिवासी राहावयास आले. मात्र भाडे अधिक, दुकाने अपुरी आणि मेट्रो १९७७ पर्यंत नाही, अशी स्थिती होती. साहजिकच डच मध्यमवर्गीय कुटुंबांनी आसपासच्या नव्या गावांतील अंगण असलेली छोटी घरे पसंत केली आणि येथील सदनिका रिकाम्या राहू लागल्या.

याच सुमारास दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही डच वसाहत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होती. तेथील लोकांना डच नागरिकत्व असल्याने हजारो कुटुंबे नेदरलँड्सला आली. घरे रिकामी असूनही वाटपात त्यांची अडवणूक होत असे. तेव्हा १९७४ मध्ये सुरिनामी कुटुंबांनी ख्लिपहूव्हे या इमारतीतील सदनिकांचा थेट ताबा घेतला. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी, म्हणजे पहिले रहिवासी आल्यानंतर बरोबर सात वर्षांनी, सुरिनाम स्वतंत्र झाला. पुढे अँटिल्स बेटांवरील आणि १९८०च्या दशकात घानातील स्थलांतरितही येथे आले. भारतीय वंशाच्या सुरिनामी हिंदुस्तानींची मोठी वस्ती मात्र हेग शहरात झाली. बायल्मरमध्ये प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचे सुरिनामी स्थिरावले.

बेकारी, अमली पदार्थ आणि गुन्हेगारी यांमुळे वसाहतीचे नाव बदनाम झाले. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी सायंकाळी एल अल कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ विमान येथील दोन इमारतींवर कोसळून ४३ जणांचा मृत्यू झाला. वसाहतीत कागदपत्रांविना राहणारेही अनेक असल्याने मृतांची नेमकी संख्या ठरविणे सुरुवातीला अवघड गेले. शहराने ज्यांची नोंदच केली नव्हती, अशा शेजाऱ्यांची जाणीव या दुर्घटनेने करून दिली.

१९९०च्या दशकात पुनर्विकास सुरू झाला. उंच इमारतींपैकी सुमारे निम्म्या सदनिका पाडून त्या जागी कमी उंचीची घरे बांधण्यात आली. वसाहतीत बहुसंख्य कृष्णवर्णीय असताना निर्णय मात्र गोरे अधिकारी घेतात, असा आक्षेप रहिवाशांनी संघटितपणे नोंदविला आणि निर्णयप्रक्रियेत वाटा मागितला. पाडकामातून वाचलेल्या क्लायबुर्ख या इमारतीच्या नूतनीकरणास २०१७ मध्ये युरोपातील प्रतिष्ठेचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला.

आज या परिसरात शंभराहून अधिक राष्ट्रीयत्वांचे लोक राहतात. एकेकाळी ओस पडलेल्या येथील घरांना आता मागणी आहे. अडचणीच्या काळात वसाहत जागती ठेवणाऱ्यांच्या मुलांना ही घरे परवडतील काय, हा प्रश्न त्यामुळेच पुढे आला आहे.